आक्काच्या नावाची प्रार्थना

आबा, आक्का गेली. परवा दुपारी, लातूरच्या दवाखान्यात. उठून बसायचं म्हणाली, मी पाठीला हात लावला आणि तेवढ्यात मान माझ्या खांद्यावर पडली. तुम्हाला हे कळवण्यात तसा काही अर्थ नाही. तुमच्या लेखी ती मी शाळेत जात होते तेव्हाच मेली होती. पण लेक गेल्याची खबर बापाला द्यावी लागते, आणि ती देणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून लिहिते आहे.

रेणापूरच्या पुढे मिशनच्या आवारात आपल्या दोन खोल्या होत्या. तुम्ही सायकलवरून आसपासच्या वस्त्यांवर जाऊन ख्रिस्ती घरांतल्या पोरांना धर्म शिकवायचात, लोक तुम्हाला मास्तर म्हणायचे. बोर्डिंगात असताना एका म्हाताऱ्या परदेशी फादरांनी तुम्हाला प्रहरांच्या प्रार्थना शिकवल्या होत्या. सकाळची, दुपारची, दिवेलागणीची, निजायच्या आधीची. प्रत्येक प्रार्थना दोन-चार भाकरी भाजून होतील एवढ्याच वेळाची. एक स्तोत्र, थोडं वाचन, मारियेला नमन, आणि मधेमधे तुम्ही एक ओळ म्हणायची, आम्ही तिला उत्तर द्यायचं. तुम्ही सांगायचात की शेकडो वर्षांपूर्वी तिकडे मठातले साधू रात्रंदिवस मोठमोठ्या प्रार्थना म्हणायचे, आणि ज्यांना मठात जाता येत नव्हतं त्यांच्यासाठी या छोट्या केल्या गेल्या. गवंड्यांसाठी, दुकानदारांसाठी, चुलीपुढच्या बायकांसाठी. राण्यासुद्धा ह्याच म्हणायच्या. गावातल्या हॉटेलात आपल्याला कप वेगळा होता, आणि तुम्ही घरी येऊन सांगत होता की राणी आणि आपण एकाच वेळेला एकच ओळ म्हणतो. ते सांगताना तुमचा चेहरा उजळायचा. त्या चेहऱ्यासाठी मी उपाशीपोटी गुडघ्यांवर बसायला तयार असायचे.

आणि तुमची खरी लाडकी आक्का होती. तिचा आवाज चांगला म्हणून तुम्ही तिला ओळी म्हणायला लावायचात आणि स्वतः आमच्यात बसून उत्तरं द्यायचात. कुणी पाहुणा आला की म्हणायचात, "माझ्यामागं ही चालवील." मला तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत. मी वाटही बघत नव्हते. आक्का ती आक्का.

ती शिवणाच्या क्लाससाठी उदगीरला राहायला गेली आणि तिथल्या एका भुसार दुकानदाराच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. लिंगायत घर. त्यांच्या घरच्यांनीही पहिलं वर्ष दोघांना उंबऱ्यात घेतलं नाही. आपल्याकडे ही बातमी एका जीपवाल्यानं आणली. मला वाटलं, तुम्ही ओरडाल, सायकल काढून निघाल. तुम्ही हातपाय धुतले. दिवेलागणीची वेळ झाली होती. आम्ही बसलो. तुम्ही प्रार्थनेच्या पुस्तकाची नेहमीची पानं सोडून शेवटची उघडली आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थना सुरू केली. ती आपल्याकडे कुणाची माती झाली की म्हणायची. मला वाटलं, वस्तीतलं कुणीतरी गेलं. मग तुम्ही आक्काचं नाव घेतलंत आणि म्हणालात, "प्रभू, तिला कायमचा विसावा दे."

उत्तर आमच्याकडून यायचं होतं. माय तुमच्याकडे बघत राहिली. "जित्या लेकराला माती देऊन राहिले का तुमी?" ती म्हणाली.

"प्रार्थनेत मधे बोलायचं नाही," तुम्ही म्हणालात. आवाज चढलेला नव्हता. तीच ओळ तुम्ही परत म्हणालात आणि थांबलात. पुन्हा म्हणालात, पुन्हा थांबलात. चुलीवरचं कालवण करपायला लागलं, त्याचा वास खोलीभर झाला, तरी तुम्ही थांबूनच होता. शेवटी मायनं उत्तर दिलं, आणि तिच्या मागून मी. "आणि तुझा न मावळणारा उजेड तिच्यावर पडू दे." त्या दिवसापासून दिवेलागणीची मारियेची प्रार्थना आपल्या घरातून गेली आणि ही आली. रोज. वस्तीतले लोक आधी दबकून विचारायचे, मग त्यांनाही सवय झाली. एका बाईनं तर मायला नदीवर विचारलं, "पोरगी कशानं गेली हो?" माय धुणं तसंच ओलं घेऊन घरी आली.

दीड-एक वर्षानं आक्का आली. ती संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. दार उघडं आहे, आपण भिंतीकडे तोंड करून बसलोय, तुम्ही पुढे, मी आणि माय मागे. पायताणं काढल्याचा आवाज येतो. मी वळून बघते तर उंबऱ्याच्या बाहेर आक्का, कडेला टोपडं घातलेलं लेकरू. मायचा हात माझ्या मांडीवर येतो आणि नखं रुततात. तुम्हीही वळून बघता. नीट बघता, तिच्याकडे आणि लेकराकडे. मला वाटतं, आता पुस्तक मिटाल. तुम्ही परत भिंतीकडे तोंड करता, तिचं नाव घेता आणि म्हणता, "प्रभू, तिला कायमचा विसावा दे."

मी आणि माय दाराकडेच बघत राहिलो. आणि उत्तर दारातून आलं. आक्कानं दिलं, त्याच चालीवर, लहानपणी तुम्ही तिला जिथे थांबायला शिकवलं होतं तिथेच थांबून. "आणि तुझा न मावळणारा उजेड तिच्यावर पडू दे." तिनं "माझ्यावर" म्हटलं नाही, "तिच्यावर"च म्हटलं. तुमची पाठ जराशी हलली. पण तुम्ही पुढची ओळ म्हणालात. तिनं तिचंही उत्तर दिलं. तुम्ही दोघांनी मिळून ती प्रार्थना शेवटापर्यंत नेली, आबा, आणि आम्ही दोघी मधे बसून ऐकत होतो. आमेन झाल्यावर माय उठून दाराकडे धावली तेव्हा आक्का आवाराच्या फाटकापर्यंत पोचली होती. माय अनवाणी मागे गेली. लेकराचे पाय तेवढे हाताला लागले, असं तिनं मला सांगितलं. आक्का थांबली नाही.

मायनं त्यानंतर प्रार्थनेला तोंड उघडलं नाही. बसायची, पण ओठ मिटलेले. तुम्ही काही दिवस वाट बघितलीत आणि मग जेवताना ताट बाजूला सारलंत. "जी बाई देवाला उत्तर देत नाही तिच्या हातचं मला नको." दुसऱ्या दिवसापासून तुमच्या भाकरी मी थापायला लागले. मला त्या येत नव्हत्या, काठ फाटायचे, बोटं भाजायची. माय शेजारी बसून नुसती बघायची, कारण तिनं पिठाला हात लावला तर तुम्ही उपाशी उठायचात. तुम्ही मात्र त्या कच्च्या भाकरी काही न बोलता खायचात. पुढे माय आजारी पडली तेव्हा शेवटच्या आठवड्यात ती एकच मागत होती. "पोरीला बोलवा. एकदा बघू द्या." तुम्ही तिच्या उशाशी बसून, तिचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसत म्हणालात, "मेलेलं माणूस कसं येईल? आता तूच तिकडं जायलीस, तिथं भेट." हे तुम्ही रागानं म्हणाला असतात तर मी कधीतरी विसरले असते. तुम्ही मायेनं म्हणालात.

मी नर्सिंग शिकले, नांदेडला नोकरीला लागले, आणि तुम्ही थकल्यावर तुम्हाला इथेच आणलं. शेवटची वर्षं तुम्हाला दिसत नव्हतं, पण पुस्तक मांडीवर लागायचं. मी ड्यूटीवरून यायची वेळ आणि तुमची वेळ एकच. चपला काढायच्या आधी तुमचा आवाज यायचा, "बस." तुम्ही आक्काच्या नावाची तीच ओळ म्हणायचात, मी पोळ्यांचं पीठ मळत उत्तर द्यायचे. तुम्ही गेलात तेव्हा मी आक्काला फोन केला. "कधी?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली, आणि ठेवला. रेणापूरला माती झाली, ती आली नाही. मी तिला दोष दिला नाही, विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात तिला लातूरला भरती केलं, तेव्हा मी रजा टाकून तिच्याजवळ राहिले. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, हातावर सलाईन. तिच्या सासूनं पुढे तिला जवळ केलं होतं, सकाळ-संध्याकाळची लिंगपूजा शिकवली होती. आक्का हसत सांगायची, "एका घरच्या वेळा सुटल्या तर दुसऱ्या घरच्या गळ्यात आल्या. माझ्या नशिबात बसून म्हणणंच हाय." एके सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती अचानक म्हणाली, "दारातनं परतले त्या दिवसापासनं मीबी म्हणून राहिले होते. रोज, पूजा झाली की."

"काय?"

"तीच. मेलेल्याची. आबाच्या नावानं."

कंगवा माझ्या हातातच राहिला. "आक्का, आबा तर जिते होते तवा."

"मग मी न्हवते का?" ती म्हणाली.

मी तिची वेणी घालून टाकली. मग विचारलं, "आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर बंद केली. तुझा फोन आला त्याच दिवशी. कामून म्हणू? झालं होतं काम." मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "लेकरांना न्हाई शिकवली मी ती. लई गोड चाल हाय तिची, पण न्हाई शिकवली."

परवाच रात्री तिला उदगीरला नेलं. काल त्यांच्यातल्या रीतीनं बसवून माती दिली. स्वामींनी मंत्र म्हटले. कधीकाळी टोपड्यात असलेला तिचा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेलाय. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, तुमच्यात काय म्हणतात ते म्हणा की. आईला चाललं असतं." सगळे वाट बघत उभे होते. मी त्याला सांगितलं की तुझ्या आईची म्हणून झालीय, बाबा. त्याला वाटलं, मी मनातल्या मनात म्हटली. मान हलवून त्यानं मातीची पाटी उचलली.

हे कुठे पाठवायचं नाहीच, आबा. तुमच्या कबरीवर ठेवायला रेणापूरला जाणं माझ्याच्यानं होणार नाही, आणि मला जायचंही नाही. एवढं मात्र कबूल करते. आक्का रोज तुम्हाला जिवंतपणी मातीत घालत होती हे ऐकलं, तेव्हा मी दवाखान्याच्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि वर आरशात बघितलं. मी नर्स आहे, तुमची सेवा केलेली लेक आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.