भरलेले कप

गुरुजी, माझं सगळं बदललं ते तिचा रिकामा कप दिसला त्या क्षणी. गाव म्हणतं खुर्ची उचलली तेव्हा, पोलीस म्हणतात त्या पोराचं कपाळ फुटलं तेव्हा. पण खुर्ची नंतरची. आधी कप.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, म्हणून पहिल्यापासून सांगतो. राज्यातल्या शाळांचा नवा आराखडा होतोय. तो वरून न लादता मास्तरांना आणि गावांना विचारून करायचा, असं ठरलंय. म्हणून सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये आमच्या भागातली गावं बोलावली होती. आपल्या शाळेत पोरं कमी, तेव्हा तिला कुलूप लावायचं आणि पोरांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत न्यायचं, असं त्या आराखड्यात होतं. हमरस्ता तोच, गुरुजी, उसाच्या ट्रकनं तुम्हाला चिरडलं तो. गावानं तो ट्रक पेटवला होता, ड्रायव्हरला लिंबाला बांधून मारलं होतं. मी सातवीत होतो. एक दगड माझाही होता, आणि तो लागला होता.

हॉलमध्ये शिक्षण खात्याचा साहेब पडद्यावर चित्रं दाखवत बोलत राहिला. चहा आला. आपली माणसं मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून आलेली, उन्हातनं आलेली, पण एकानंही कपाला हात लावला नाही. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. पटलं नाही तर चहा तसाच ठेवायचा. तुम्हीसुद्धा आधी फसलाच होतात की. वडील अजून हसत हसत सांगतात, नव्या मास्तरानं सकाळी सातची शाळा जाहीर केली, कुणी चकार शब्द काढला नाही, मास्तर खूश, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तर एकटाच. सकाळी कोकरं आयांखाली सोडून पाजायची ती पोरांनीच, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. गार झालेले कप मात्र सांगत होते. मग तुम्ही शिकलात. सभेत आधी चहा, मग तुमचं बोलणं, मग तुम्ही उठून भरलेल्या कपापाशी जाऊन मांडी घालायचात. "बोला दादा, चहा निवला, आता तुमचं ऐकू." शाळेची वेळ अशी ठरली. शाळेचं सगळंच असं ठरायचं.

साहेबानं विचारलं, कुणाची हरकत आहे का. हॉल गप्प. "छान, म्हणजे एकमत," म्हणाला, आणि लॅपटॉपपाशी बसलेल्या पोरानं तसं टाइप केलं. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. पहिल्या रांगेत ती बसली होती. ती म्हणजे तुमच्या जागेवर आलेली बाई. सोलापूरची, विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलतात. मी कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं, नवी पेठेतल्या कापड दुकानाचा टेम्पो चालवतो, आणि रोज सकाळी वाट वाकडी करून तिला होटगी स्टेशनवरून शाळेत सोडतो. चारचौघांत बाई म्हणतो. मनात काय म्हणतो ते तुम्हाला लिहायची लाज वाटते. तर तिच्यापुढचा कप रिकामा होता.

मला वाटलं, विकली गेली. लोखंडी खुर्ची उचलली आणि पडद्यावर घातली. पडद्याचा खांब त्या लॅपटॉपवाल्याच्या कपाळावर आला. माझ्याच वयाचं पोरगं ते. त्याचं रक्त टेबलावरच्या चहात पडत होतं आणि माझ्या मुठीत साहेबाची कॉलर होती. त्याचं डोकं टेबलावर आपटायचं एवढंच मला सुचत होतं. वडिलांनी मागून कंबरेला मिठी घातली म्हणून साहेब वाचला, आणि मीही. मग पोलिसांचा पट्टा. जामिनावर घरी आलो तर वडिलांची काठी, मेंढरं हाकायची. मारता मारता स्वतःच रडत होते. "शाळा वाचवाया गेलतास व्हय? आता ती साहेब लोकं म्हंत्यात, ह्ये गावच असलं हाय."

चौथीत मी एकाचा दात पाटीनं पाडला होता. तुम्ही अशी लगावलीत की दिवसभर कान वाजत होता. मग विचारलंत, त्यानं काय केलं होतं? ते पोरगं माझी पडलेली पेन्सिल द्यायला आलं होतं. "तुझ्या टाळक्यात एडक्याचं शिंग हाय की रे, मेंदू कुटं ठिवलास?" सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसलो, तोंडात मार खाल्ल्याची खारट चव असताना.

ती घरी आली तेव्हा माझ्या पाठीवर हळद होती. तिनं पाठीकडं बघितलं नाही.

"मी चहा प्याले म्हणून?" ती म्हणाली. "तहान लागली होती मला. तुमच्यात कप म्हणजे मत, हे मला कधी कुणी सांगितलं?"

कुणी नाही. रोज शेजारी बसवून नेणाऱ्या मीही नाही.

"मी बोलायला उठणारच होते," ती म्हणाली. "कोकरांचं, त्या रस्त्याचं, सगळं. तू खुर्ची फेकलीस, मग माझं कोण ऐकणार?"

पुन्हा त्या साहेबाकडं तीच गेली. चहाची रीत त्याला समजावली. त्यानं ऐकून घेतलं म्हणे आणि म्हणाला, मी गावात येतो, तुमच्या जाजमावर बसतो. अट एकच, खुर्ची फेकणारा तो पोरगा खोलीत नको.

आज साहेब आलाय. हे मी तुमच्याच वर्गात, मागच्या बाकावर बसून लिहितोय. कपाळावर पट्टी बांधलेलं ते पोरगं दाराशी दिसतंय, साहेब बूट काढतोय. माझे हात अजून शिवशिवतात, खोटं कशाला सांगू. जाजमावर माणसं बसली, चहा ओतून झाला. ती वडिलांच्या शेजारी बसली आहे. तिच्यापुढचा कप काठोकाठ भरलेला आहे आणि ती त्याला हात लावत नाही.

पोरानं शाळेपायी डोकं फिरवून घेतलं, असं गाव म्हणतं. मी ते खोडलेलं नाही. आत्तासुद्धा मला इथं थांबायचंय ते शाळेसाठी नाही, ती कशी बोलते ते ऐकायला.

तिनं माझ्याकडं बघून मान दाराकडं केली. कागद खिशात घालतो, गुरुजी. बाहेर जातो आणि दार ओढून घेतो.