तिसरी सही

१० मार्च, मंगळवार

अरिहंतचा फोन. जुन्नरला ये, एका कागदावर सही हवीय. कसला कागद? "दुकानाचा. तू फक्त अटेस्ट करायचंस, ताई. पप्पांकडे विषय काढू नकोस, त्यांना त्रास होतो." सख्खा भाऊ माझा — आणि ही लपवाछपवी!

११ मार्च

शेवटच्या पानाचा फोटो मागवला. बाकीची पानं म्हणे वकिलांकडे. 'अटेस्टेड बाय'खाली माझं नाव टाइप करून तयार — सौ. डिंपल, रा. घोडेगाव. 'अटेस्टेड' हा शब्द मला झेरॉक्सवरच्या शिक्क्यापुरताच माहीत. मोबाइलवर बघितला. लॅटिन निघाला! मुळात म्हणे 'तिसरा उभा असलेला'. देणारा एक, घेणारा एक, बाजूला उभं राहून बघणारा तिसरा. म्हणजे पप्पा देणार, अरिहंत घेणार आणि मी बघत उभी! उद्या तोंड उघडलं की माझीच सही माझ्यासमोर धरतील.

१५ मार्च, रविवार

ओझरच्या दर्शनाचं निमित्त काढून माहेरी जाऊन आले. बाजाराचा दिवस आणि अरिहंत पुण्याला! महिन्यात तिसऱ्यांदा. वीस वर्षं दुकानात असलेले सोमनाथभाऊ नजर चुकवत होते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "शेटचं ध्यानच न्हाई दुकानात. सोताची बुलेट बी मला देऊन टाकली." घ्या! यांचंही तोंड बंद केलंय.

अरिहंतच्या खोलीत डोकावले. गादी गुंडाळून ठेवलेली, जमिनीवर चटई. कपाट जवळजवळ रिकामं. पुण्यात घर बघितलंय, दुसरं काय! पप्पा अर्ध्या ताटावरून उठले. काय झालं विचारलं तर, "तुझा भाऊ ऐकत नाही," एवढंच. म्हाताऱ्या माणसाला किती छळायचं! मला अरिहंतचा संताप आला.

२० मार्च

पप्पांचा फोन. बुधवारी रजिस्ट्रार ऑफिसात ये, मीही येतोय. आवाज पार बसलेला. म्हटलं, मनाविरुद्ध सही करू नका. "केली, बाई. कालच केली."

संपलं.

२४ मार्च

सगळी पानं वाचल्याशिवाय पेन उचलणार नाही.

२५ मार्च, बुधवार

रजिस्ट्रार ऑफिसात सगळी पानं मागितली. अरिहंतने पुढे केली. हक्क सोडणार — अरिहंत सुवालाल. घेणार — पप्पा. मी दोनदा वाचलं.

"अक्षय तृतीयेला दीक्षा आहे माझी, ताई. साधू होतोय. पप्पांनी परवानगी दिली, आज्ञापत्रावर सही केली. तुला फोनवर सांगायचा धीर झाला नाही."

सही केली. पंधरा दिवस त्याला पकडायला टपले होते. महिन्याभराने तो साधू झाला की सख्खी बहीण असूनही त्याचा हातसुद्धा धरता येणार नाही मला.