तेल-मेलह आणि पुढची ओळ

मी, हसाजी मुसाजी झिराडकर, जात इस्राएल, धर्म यहुदी, वय वर्षे सदुसष्ट, राहणार कल्याण, पूर्वीचा धंदा शाळामास्तर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे पाय गेले आहेत, डावा डोळा गेला आहे. परंतु बुद्धी शाबूत आहे. खाली ज्या कृत्याची कबुली दिली आहे ते केले तेव्हाही ती शाबूतच होती. तेव्हा त्या सबबीचा फायदा मला कोणी देऊ नये.

कलम १. माझी हिब्रू पुस्तके, पितळी दौत व शिसवी पेटी भाचा सामाजी यास द्यावी; हिब्रू त्याला मी शिकवले आहे. चुलतभाऊ एलोजी याने तेरा वर्षांमागे नेलेली छत्री त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र ती माझी आहे, हे त्याला चार माणसांत एकदा सांगावे.

कलम २. शनिवारच्या प्रार्थनेत मनुकांच्या सरबताने भरून फिरवतात तो माझा रुप्याचा प्याला जमातीस द्यावा. अट एकच. मिठागरातून आलेल्या माणसाला टाळून तो पुढे सरकवू नये. असे एकदा जरी घडले तरी सामाजीने प्याला परत आणून आटवून टाकावा.

कलम ३. हे कलम वाचताना कोणी गाळू नये.

आम्हां इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन तट आहेत. कातडीच्या रंगाशी त्यांचा संबंध नाही. ज्याच्या आजीपणजीचे कूळ सांगता येत नाही तो काळा. त्याच्याशी सोयरीक नाही, आणि प्याला त्याच्या हाती शेवटी. सन १८७१ साली ठाण्याच्या खाडीवरील मिठागरात राबणारा बन्नाजी आपली मुलगी आवडाबाई कल्याणच्या एका घरी देत होता. वराकडच्यांनी ऐनवेळी शंका काढली, की याची आजी कोणाची? पंच माझ्याकडे आले, कारण तेव्हा इथल्या जमातीत हिब्रू वाचणारा मी एकटा.

बन्नाजीला अक्षर येत नसे, पण स्तोत्रे सगळी तोंडपाठ. आदल्याच वर्षी मी प्रार्थना वाचताना एक ओळ चुकलो आणि त्याने मागून मोठ्याने ती दुरुस्त केली. लोक हसले. तो विसरला, मी विसरलो नाही.

मी पवित्र ग्रंथ उघडला. बाबेलच्या बंदिवासातून मायदेशी परतलेल्या आमच्या पूर्वजांची त्यात यादी आहे. तेल-मेलह आणि आणखी काही गावांहून आलेल्या लोकांना आपल्या वाडवडिलांचे घराणे दाखवता आले नाही, असे तेथे नमूद आहे. तेल म्हणजे टेकाड, मेलह म्हणजे मीठ. मी पंचांना म्हणालो, "मिठाच्या टेकाडावरचे लोक ते हेच. ते गाव आपल्याच किनाऱ्याला होते, असे विद्वानांचे मत आहे." असे मत एकाही विद्वानाचे नव्हते. ते गाव कोठे होते हे मला ठाऊक नव्हते.

बन्नाजी दारातच उभा होता. मिठाने त्याची पावले फुटली होती. तो एवढेच म्हणाला, "मास्तर, मीठ त तुमी पन खाता."

मी ग्रंथ मिटला. पुढची ओळ वाचली नाही. पुढच्या ओळीत त्याच लोकांची शिरगणती आहे: सहाशे बावन्न. म्हणजे घराणे दाखवता आले नाही तरी त्यांना वाटेतून कोणी परतवले नाही, बाकीच्यांत धरले. ती ओळ माझ्या बोटाखाली होती. लग्न मोडले.

पुढे मन खाऊ लागले, म्हणून मी बगदादच्या एका वृद्ध धर्मपंडितास लिहून विचारले, तेल-मेलह कोठे आहे? आठ महिन्यांनी उत्तर आले. ते लिहितात, की बाबेलच्याच मुलखात कोठेतरी होते, नक्की जागा आज कोणालाही सांगता येत नाही. तेथे मीठ पिकत असे की पडीक जमिनीवर नुसते फुलत असे, हेही ठाऊक नाही. शेवटी लिहिले आहे, "यावरून कोणास बाहेर ठेवण्याचा प्रश्नच नाही. पुढची ओळ आपण वाचली असेलच."

ते पत्र मी पेटीत घातले आणि सोळा वर्षे बाहेर काढले नाही. काढले असते तर लोक म्हणाले असते, हसाजी मास्तराला हिब्रू येत नाही. एवढ्यासाठी. दुसरे कारण शोधून पाहिले, सापडत नाही. आवडाबाईला पुन्हा मागणी आली नाही. ती बापाच्या जागी मिठाच्या पाट्या वाहू लागली. मी स्टेशनवर तिला पाहिले की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जात असे.

सदर पत्र सामाजीने शनिवारी भर जमातीत मोठ्याने वाचावे, मराठीत अर्थ सांगावा आणि मग ती पुढची ओळ वाचावी. माझे नाव घ्यावे.

कलम ४. बन्नाजी सन १८७९ साली वारला. त्याला आमच्या कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरले. मी माती द्यायला गेलो नाही. माझ्या शिलकेतून सामाजीने ते कुंपण बाहेर सरकवून त्याची कबर आत घ्यावी. बन्नाजीला हलवू नये, कुंपण हलवावे. माझी जागा कोठे असावी हे आवडाबाईस विचारावे व ती सांगेल तसे करावे.

कलम ५. राहते घर. कालपर्यंत येथे असे लिहिले होते, की घर व परसातील दोन्ही आंबे आवडाबाई बन्नाजी हिला द्यावेत. ते का खोडले हे लिहिणे भाग आहे.

साक्षीसाठी जमातीतले दोघे जण बोलावले होते. तिसरे कलम ऐकताच ते चपला शोधू लागले. आवडाबाईस मी मजकूर वाचून दाखवण्यासाठी बोलावले होते. ती उंबऱ्याशी बसून सगळे ऐकत होती. शेजारचे श्रीपादराव मेहेंदळे म्हणाले, "एक साक्ष मी घालतो. आता दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?"

ती म्हणाली, "मी हाय ना."

श्रीपादरावांनी तिला समजावले, की साक्ष घालणाऱ्याला मृत्युपत्राने काही घेता येत नाही, तसा सरकारी कायदाच आहे. सही केलीस तर घर गेले. मीही हात जोडले. म्हटले, घर घे, साक्षीदार दुसरा पाहू.

"घर घेऊन काय करू, मास्तर? लोक म्हनतील, आवडीला घर मिलालं म्हनून ती गप बसली. मना साक्षीदारच करा."

आमच्या शास्त्रात बाईची साक्ष चालत नाही. सरकारच्या कायद्यात चालते. म्हणून आता घर सामाजीस द्यावे. परंतु कलम तीन व चार पुरी झाल्यावाचून त्याने कुलूप काढू नये. पत्राची नक्कल श्रीपादरावांकडे आहे, हे सामाजीने ध्यानात ठेवावे. तो माझाच भाचा आहे.

हे मृत्युपत्र मी स्वहस्ते लिहिले व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. आवडाबाईची सही तिच्याच हातची आहे. लहानपणी तिचा बाप तिला माझ्या ओट्यावर आणून बसवी; बाराखडी तिला मी शिकवली होती.

मुक्काम कल्याण, सोमवार, तारीख १२ नोव्हेंबर सन १८८८.

सही: हसाजी मुसाजी झिराडकर

साक्ष:

१. श्रीपाद नारायण मेहेंदळे, राहणार कल्याण.

२. आवडाबाई बन्नाजी, राहणार मिठागर, ठाणे. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली म्हणून मी सही केली. माफ केले असे कोणी समजू नये. आधी पत्र वाचा.