लंबूला बोलतं करण्याची मोहीम

३ मार्च, रविवार. दुपारी १२

भयंकर बातमी. लंबू चालला. तीस तारखेला, कायमचा, मुलीकडे, दुसऱ्या शहरात.

टेलरच्या दुकानात आम्ही चौघं, गेली एकतीस वर्षं, दर रविवारी सकाळी नऊला. टेलर शटर अर्धंच वर ठेवतो, म्हणजे हवा येते आणि गिऱ्हाईक येत नाही. टेलर, दातांचा डॉक्टर, लिफ्ट दुरुस्त करणारा लंबू आणि मी. लंबूने बातमी सांगितली तेव्हा मी वाचनाच्या ऱ्हासावर बोलत होतो, त्यामुळे ती मला पंचवीस मिनिटं उशिरा कळली.

घरी येताना भर रस्त्यात थबकलो. मागची सायकल धडकली. एकतीस वर्षं झाली आणि या माणसाची आवडती भाजी मला माहीत नाही! आवडता वार? आवडता आवाज? एखादी साधी, रोजची आठवण? शून्य. दोष कोणाचा? उघड आहे. लंबू बोलतच नाही. घुम्या आहे.

निर्धार: तो जायच्या आत त्याला बोलतं करणार. सगळं एका वहीत उतरवून निरोपाच्या दिवशी त्याच्या हातात ठेवणार. माणूस माणसाला ओळखत नाही ही या काळाची शोकांतिका आहे. ती मी तीस तारखेपर्यंत संपवतो.

४ मार्च, सोमवार. ऑफिस, सकाळी ११.२०

पाणीपुरवठ्याची तक्रार खिडकी. तेहेतीस वर्षं इथे बसून लोकांचं ऐकतोय. ऐकणं हा माझा धंदाच म्हणायला हरकत नाही.

प्रश्नावली तयार. एकवीस प्रश्न. खिडकीवर आलेल्या एका बाईंवर चाचणी घेतली. आवडता आवाज कोणता? त्या म्हणाल्या, नळाला पाणी आल्याचा. काय उत्तर! काय काव्य! दोनदा वाचून दाखवलं त्यांना. त्या गेल्यावर लक्षात आलं, तक्रार लिहून घ्यायची राहिली. पत्ताही नाही.

६ मार्च, बुधवार. सकाळी ७

बायकोला प्रश्नावली दाखवली. तिचं म्हणणं, उत्तराला दोन ओळी आणि खाली "निवेदकाचे भाष्य" म्हणून अर्धं पान, हे कशाला? तिला निवेदनशास्त्र कळत नाही. मग म्हणाली, अहो, लंबूभावजींचं राहू द्या, माझा आवडता रंग कोणता ते सांगा. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, निळा. ती म्हणाली, तो तुमचा. कपाट उघडून दाखवलं. माझे सात शर्ट निळे निघाले. योगायोग.

१० मार्च, रविवार. दुपारी १

मोहिमेचा शुभारंभ. अभूतपूर्व!

योजना अशी होती की नमुना म्हणून आधी मी माझी उत्तरं सांगायची, दहा मिनिटं. मग लंबू. प्रास्ताविक थोडं लांबलं. पण प्रास्ताविकाशिवाय प्रश्न विचारणं म्हणजे दार न वाजवता घरात घुसणं. एक तास चाळीस मिनिटांत माझ्या चौथ्या प्रश्नापर्यंत पोहोचलो. श्रोते तल्लीन. डॉक्टरने तर डोळे मिटून घेतले होते. टेलरने तेवढ्यात दोन पँटी आणि एक कोट संपवला. माझ्या बोलण्याने हाताला गती येते, असं तोच म्हणाला.

लंबूने दोनदा तोंड उघडलं. एकदा जांभई. दुसऱ्यांदा काय होतं ते कळलं नाही, कारण मी तेव्हा बालपणीच्या बाकाचं वर्णन करत होतो.

निर्धार: पुढच्या रविवारी फक्त लंबू.

१३ मार्च, बुधवार. दुपारी ३

दैव अनुकूल! आमच्या ऑफिसची लिफ्ट बिघडली आणि ती दुरुस्त करायला आला कोण? लंबू! त्याचं या शहरातलं शेवटचं काम. दुरुस्ती झाल्यावर चाचणीसाठी तो लिफ्टमधून वर-खाली करत होता. मी खिडकी बंद करून आत शिरलो. विचारलं, आयुष्यभर लिफ्टमध्ये काढलंस, तुझा आवडता मजला कोणता? तो लगेच म्हणाला, चौथा. म्हणाला, त्याला एक कारण आहे.

मी म्हटलं, थांब, आधी मजल्याचं तत्त्वज्ञान बघू. तळमजल्यावरचा माणूस आणि वरच्या मजल्यावरचा माणूस यांच्या दृष्टीत फरक कसा पडतो, हे मी त्याला नऊ फेऱ्यांमध्ये समजावून दिलं. बाहेर जिन्याने चढणारे लोक काहीबाही ओरडत होते. दहाव्या फेरीत लंबू तळमजल्यावर उतरला आणि हत्यारांची पेटी घेऊन गेला.

प्रगती: एक उत्तर मिळालं. कारण बाकी.

१७ मार्च, रविवार. दुपारी १२.३०

आज पूर्ण वेळ लंबूला द्यायचा, असा शब्द टेलरने माझ्याकडून घेतला होता. दिला. वेळ वाचावा म्हणून मी लंबूची एकवीसही उत्तरं घरूनच लिहून नेली. इतक्या वर्षांच्या मित्राला विचारायचं काय? वाचायला सुरुवात केली. आवडती भाजी, भेंडी. लंबू म्हणाला, छे रे, भेंडीचा तर मला तिटकारा आहे. मी पुरावे दिले. एकतीस वर्षांत त्याने माझ्यासमोर भेंडीविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. तो म्हणाला, शब्द काढायला जागा कुठे होती? हा प्रश्न गैरलागू आहे. मतदान घेतलं. मी भेंडीच्या बाजूने, टेलर आणि डॉक्टर विरोधात, लंबू हसत तटस्थ.

डॉक्टर म्हणाला, लेका, एवढं लिहून आणतोस, एकदा गप्प बसून बघ ना. मी गप्प बसण्याचे फायदे सविस्तर सांगितले. बारा वाजले.

शेवटचे तेरा दिवस. वहीत माझी दोनशे आणि लंबूची दोन वाक्यं. मी निराश नाही.

२१ मार्च, गुरुवार. सकाळी ६.४०

दाढ. उजवी, खालची. जगातल्या सर्व अन्यायांचा ठणका एका जागी. डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी चारला ये, काढून टाकू. आवाजात मला विलक्षण आनंद वाटला. व्यवसायावरचं प्रेम.

२३ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.३०

कट. उघड उघड कट.

दाढ निघाली. डॉक्टरने खड्ड्यात कापसाचा एवढा मोठा बोळा ठेवला आणि म्हणाला, घट्ट चावून धर, पाऊण तास तोंड उघडायचं नाही, उघडलंस तर रक्त थांबणार नाही आणि मी जबाबदार नाही. मग त्याने दाराकडे बघून हाक मारली. टेलर आत आला. मागून लंबू, वाकून. स्टूल ओढून माझ्या उशाशी बसला. खिशातून प्रश्नावली काढली. डॉक्टर म्हणाला, घे रे, सुरू कर, असा मुहूर्त पुन्हा नाही.

आणि लंबू बोलला. पाऊण तास! मी खुर्चीत आडवा, तोंड शिवलेलं.

आवडती भाजी पालक. आवडता वार रविवार. आवडता वास वंगणाचा. दर उत्तराला माझ्याकडे किमान तीन मुद्दे होते. मी हाताने खुणा करत होतो. टेलरने माझे हात धरून ठेवले. प्रेमाने.

मग आवडता मजला. लंबू म्हणाला, चौथा, त्या जुन्या पिवळ्या इमारतीतला. तो कामात नवीन होता तेव्हा. एकटा कामावर. लिफ्टच्या टपावर उभा असताना वीज गेली. मिट्ट काळोख, वर दोर, खाली पोकळी. ओरडला, कुणी आलं नाही. रडला, म्हणाला. अगदी सहज सांगितलं त्याने ते. आणि मग चौथ्या मजल्याच्या बंद दाराआडून एक आवाज यायला लागला. कुणीतरी मधमाश्यांबद्दल बोलत होतं. खणखणीत, न थांबता. दोन तास. लंबू म्हणाला, दाराच्या पलीकडे माणूस आहे एवढं कळलं आणि भीती गेली. वीज आली तेव्हा तो थेट खाली पोहोचला, चेहरा बघायचा राहिला. महिन्याभराने पाण्याची तक्रार घेऊन आमच्या ऑफिसात आला आणि खिडकीआडून तोच आवाज ऐकला.

माझा.

म्हणाला, म्हणूनच तुला टेलरच्या दुकानात घेऊन आलो. तेव्हापासून सांगीन सांगीन म्हणतोय. तू थांबलास की सांगायचं ठरवलं होतं.

डॉक्टर नाक शिंकरत होता. टेलरने टेप डोळ्यांना लावली.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्या पिवळ्या इमारतीत मी आजपर्यंत पाऊल ठेवलेलं नाही.

२४ मार्च, रविवार. सकाळी १०

बैठक रद्द. लंबूचं सामान बांधणं चालू आहे. बरं झालं. तोंड सुजलंय.

मी सत्याचा पुरस्कर्ता आहे. सत्यासाठी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांशी भांडलो होतो. लंबूला सांगणं हे माझं कर्तव्य आहे. उद्या सांगतो.

२५ मार्च, सोमवार. दुपारी २

सूज. उद्या.

२६ मार्च, मंगळवार. दुपारी ४

घाईने सांगण्यापूर्वी तपास आवश्यक. अर्धी रजा टाकून पिवळ्या इमारतीत गेलो. तेव्हाचेच वॉचमनकाका, आता म्हातारे, अजून कामावर आहेत. लिफ्टने चौथ्या मजल्यावर नेलं त्यांनी. मी विचारलं, एकतीस वर्षांपूर्वी इथे कोण बोलायचं? काका म्हणाले, इथे कोण बोलणार बाबा, मजला रिकामाच होता, मी दुपारी आडवा व्हायचो, उशाला ट्रान्झिस्टर. सेलवरचा. वीज गेली तरी चालू. शेतीचा कार्यक्रम लागायचा, तो लागला की मला छान झोप यायची.

म्हणजे माझ्या जागी एक डबा होता.

येताना वाटेतल्या एका दुकानातून बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्यांना सांगू नका. मी म्हणालो, सत्य! ती म्हणाली, सत्य तुम्ही आयुष्यभर सांगताय, कुणाचं काय अडलंय?

२७ मार्च, बुधवार. ऑफिस, दुपारी १

मधला मार्ग सापडला. तेजस्वी मार्ग! मधमाश्यांबद्दल मला काही माहीत नाही ही आजची परिस्थिती आहे. परिस्थिती बदलता येते. वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. शनिवारपर्यंत मी मधमाश्यांवर दोन तास बोलू शकलो, तर तो आवाज माझाच होता असं मानायला काय हरकत आहे? मूलभूत अर्थाने.

खिडकीवर आलेल्या तिघांना कामकरी माशीचं आयुष्य समजावलं. एकाने विचारलं, पाणी कधी येईल. लोकांना निसर्गाचं कुतूहल उरलेलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५

पूर्ण तयारी. पोळ्याची रचना, माश्यांचा नाच, राणीमाशीची कारकीर्द. मुद्दे अठरा. आरशासमोर एक तास पन्नास मिनिटं. लंबू निरोपाच्या वेळी मधमाश्यांचं नाव काढणार, यात शंका नाही. मी सज्ज आहे. वहीचं काय? वही त्याला देणार नाही. तीत दोनशे वाक्यं माझी आहेत, आणि त्यातली एकशे नव्वद भेंडीवर.

३० मार्च, शनिवार. सकाळी ११

गेला.

टॅक्सी नऊला आली. मुलगी पुढे, लंबू मागे, गुडघे हनुवटीला. टेलरने त्याला नवी पँट शिवली होती, माप न घेता, आणि ती बरोबर बसली. डॉक्टरने टूथब्रश दिला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लंबू म्हणाला, बोल रे, मधमाश्यांचं बोल, शेवटचं.

सुरुवात केली. मधमाशी हा समाजशील कीटक आहे. पुढे पोळं होतं. त्याच्यापुढे नाच होता. सगळं डोळ्यांसमोर होतं. लंबू टॅक्सीच्या खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होता, तोंड किंचित उघडं, काळोखात उभं राहून ऐकावं तसा. मी थांबलो. त्याला हे आत्ताच सांगून टाकावं, असं मला फार आतून वाटलं. ओठांपर्यंत आलं.

तो म्हणाला, मला तेव्हाही मधमाश्यांचं काही कळलं नव्हतं रे. कुणीतरी होतं, बस.

मी त्याला मुलीकडची लिफ्ट कशी आहे ते विचारलं. तो सांगायला लागला. सांगता सांगता टॅक्सी निघाली.

३१ मार्च, रविवार. सकाळी १०.४५

नऊला दुकानात गेलो. शटर अर्धं. टेलर, डॉक्टर, मी. विषय खूप होते. बसलो. मशीन बंद होतं, त्यामुळे बाहेरची सायकल पण ऐकू येत होती.

टेलर म्हणाला, अरे बोल काहीतरी. डॉक्टर म्हणाला, वाचनावर बोल, पाण्यावर बोल, कशावरही बोल, पण हे बरं नाही वाटत.

मी सांगितलं, बोलता येत नाही, दाढेची जखम अजून भरलेली नाही.

डॉक्टरने मला खिडकीपाशी नेलं. तोंड उघडायला लावलं. नीट आत बघितलं. म्हणाला, मस्त भरत आली आहे.