निळ्या दोऱ्याची खूण

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झबली पोचली. पाचही ठमीला बसली, गळ्याशी गाल तेवढे आडवे येतात. आज तीन आठवड्यांची झाली. हे म्हणतात, नाक मावशीचं घेतलंय, आता हीसुद्धा ते सगळ्यांच्या कामात खुपसणार.

कारखान्यात जाण्याआधी हेच तिला अंघोळ घालतात, औषधाचे थेंब देतात. दुपारी शेजारच्या काकू बाटलीने दूध पाजतात. त्यांना माझ्या आजाराचं ठाऊक नाही, मी आळशी आहे असं वाटतं. मी खुर्ची लांब घेऊन बसते. नर्सबाई सांगतात, कडेवर घेतल्याने, पापी घेतल्याने एचआयव्ही होत नाही. मला सगळं पाठ आहे. हात पुढे जात नाही, एवढंच.

माझा कप, टॉवेल, अभ्रा वेगळे ठेवलेत. सातव्या महिन्यात तुझ्याकडे राहिले तेव्हा तू माझ्या टॉवेलच्या कोपऱ्यात निळा दोरा घातला होतास, कपाच्या कानाला बांधला होतास, तसाच इथे सगळ्याला घातलाय. गफलत नको.

लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

११ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याला सांग, याच नाकाने त्याचं लग्न जमवलं. इथे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही.

बाळंतपणानंतर सगळ्याच बायकांचा जीव उदास होतो, आपोआप निवळतो. पोटभर जेव, झोप काढ आणि ठमीला जवळ घे. मनाचे खेळ पुरे. दोऱ्याचं वाचून बरं वाटलं, माझ्या हाताखाली काहीतरी शिकलीस म्हणायचं. गाठ उलट बाजूने मार, म्हणजे धुण्यात निघत नाही.

ठमीला माझ्याकडून एक पापी.
तुझी ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. हे निवळत नाही. बारा दिवस मी आजाराची गोळी घेतलेली नाही. डबी उघडते आणि पुन्हा बंद करते.

रविवारी हे दुधाची पावडर आणायला गेले आणि सायकल पंक्चर झाली. ठमी अर्धा तास रडत होती. मी भांडी घासायचे रबरी मोजे चढवले, तरी दारातच उभी राहिले. हे आले, तिला उचललं, मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नर्सबाई खोटं सांगत नसतील. पण ताई, आई गेल्यावर तू मला लहानाची मोठी केलीस. तूच माझा कप वेगळा ठेवलास, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. मला रोज वाटतं, मी नसते तर या घरात एकाही वस्तूला दोरा लागला नसता.

चुकलंमाकलं पोटात घाल.
धाकटी

२८ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि मशीन बंद केलं. तुझ्या नवऱ्याला फोन केलाय. तो आजच तुला नर्सबाईंकडे नेईल, त्यांच्यापासून गोळ्यांचं लपवू नकोस. मी येईपर्यंत तू एकटी राहायचं नाहीस. पुढचं फोनवर बोलायचा धीर झाला नसता, म्हणून लिहिते.

आमचा सर्दी-खोकला तुला लागू नये म्हणून दोरा घालते, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. तू झोपलीस की तुझा कप मी उकळत्या पाण्यात टाकायचे. डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन सुईत दोरा ओवला. मला तुझी भीती वाटली, धाकटे. जिला मी माझ्या ताटातलं भरवलं, तिची.

त्या दोऱ्यात माझ्या भित्रेपणाशिवाय काही नव्हतं. परवा पोचते. कात्री आणते.

मला माफ करायची घाई करू नकोस.
ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जाऊन आठवडा झाला. ठमीच्या पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. अजून तपासण्या आहेत, पण नर्सबाई हसून बोलल्या. गोळी रोज घेते. दर मंगळवारी मनाच्या डॉक्टरांकडे जाते. तिथल्या बाकावर माझ्यासारखीच एक बाळंतीण असते. आम्ही फारसं बोलत नाही, ती सरकून जागा देते. काही सकाळी अजून हात अडतो.

तू कपावरचा दोरा कापलास आणि माझा उष्टा चहा प्यायलीस, पण घोट घेण्याआधी डोळे घट्ट मिटलेस. मी पाहिलं. तुझा राग आला, अजून येतो. डॉक्टर म्हणतात पोटात ठेवू नको, म्हणून लिहून टाकते.

टॉवेलचा दोरा निघाला, भोकं राहिली. काल ठमीला मीच अंघोळ घातली आणि त्याच टॉवेलने पुसलं. तिने कोपरा मुठीत धरून थेट तोंडात घातला. मी बघत राहिले. ओढून घेतला नाही.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही राहू दे, आणि लवकर ये.
तुझी धाकटी