आईचा तळवा

दादा,

काल तुझं भाषण ऐकलं. त्वचेच्या कर्करोगावर सगळ्यांना सारखे उपचार मिळावेत, हे तू छान पटवून दिलंस. मग पडद्यावर एक तळवा दाखवून म्हणालास, "या रुग्ण उशिरा आल्या."

उशिरा? आईच्या तळव्यावर डाग दिसला त्याच दिवशी मी तुला हाच फोटो पाठवला होता. "घरचं माणूस म्हणून मध्ये घुसवणार नाही, रांगेत या," हे तुझं उत्तर. आई मात्र शेजारीपाजारी मिरवत होती, "माझा लेक कुणाची भीडभाड ठेवत नाही!" नंबर लागेपर्यंत डाग टाचेपर्यंत पसरला. आई गेली.

फोटोत तिचा पाय धरलेला माझा हात होता. तो तू सफाईने कापलास.

हे पत्र पाठवत नाही. नाहीतर पुढच्या भाषणात तेही वाचून दाखवशील.

तुझी,
रांगेतली बहीण