वरच्या खोलीतली रेल्वे आणि माझी चार हत्यारं

२१ सप्टेंबर, दुपार
आमच्या मुळशीत रेल्वे नाही. ह्यांनी रिटायर झाल्यावर ती वरच्या खोलीत प्लायवर आणली. बोटभर डबे. त्यासाठी बारीक हत्यारांचा संच ऑनलाइन मागवला. हे शेतावर असताना कुरिअरवाला आला. म्हटलं, परत न्या. असली हत्यारं मी घरात करीन. झाली की ह्यांना खरं सांगेन.

संध्याकाळी
पार्सल आलं का, म्हणून ह्यांनी विचारलं. मी न्हाई म्हणाले. घरात आलंच नाही, मग खोटं कसं?

२२ सप्टेंबर
घट बसले. उपास, आणि खोटं न बोलण्याचा नेम. सायकलच्या स्पोकचा स्क्रूड्रायव्हर केला. टोक घासायला कानस नव्हती, सहाण घेतली. तीही दगडच. नंतर धुतली.

२३ सप्टेंबर
गंध काळं उतरलं. देवीला हळदकुंकवावर भागवलं. हे मात्र सवयीने लावून पौडला बँकेत जाऊन आले. शेजारच्या सारजाबाईंनी विचारलं, कपाळाला ग्रीस लागलंय का भावजी? मी मान खाली घालून शेंगा सोलल्या.

२६ सप्टेंबर
लाकडी डावाच्या दांड्यात दाभण ठोकून टोच्या. आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर लावून रूळ घासायची घासणी. पत्र्याच्या पट्टीचा चिमटा. चारही ह्यांना दिली. झकास म्हणाले.

२८ सप्टेंबर
गाडी वळणावर घसरायची थांबली. माझ्याच टोच्याने. पार्सलचं आता कोण विचारतंय? तरी सांगेन. अष्टमीला.

३० सप्टेंबर
अष्टमी. जाऊबाई आल्या. चारचौघांत कसं सांगायचं?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर कोयता, विळा, खुरपी मांडली. शेजारी माझी चार. ह्यांनी वरून एक डबी आणून ठेवली. तोच संच, मुठी वापरून मळलेल्या.
पार्सल घरच्यांनी नाकारल्याचा मेसेज त्याच दुपारी, एकवीस तारखेलाच, ह्यांच्या मोबाइलवर आला होता. हे कासार आंबोलीला त्या कुरिअरवाल्याला गाठून घेऊन आले होते.
"ज्यानं काम केलं, ते आज देवापुढं नको व्हय?"
"आन् माझी?"
"जपून ठेवलीत. मोडली असती तर तुला वाईट वाटलं असतं."
हातात घेऊन पाहिली. एकावरही ओरखडा नाही. घासणीचा पेपर कोरा.
सगळ्यांना कुंकू लावलं, आधी डबीतल्यांना. हे रागावले असते तर बरं झालं असतं.
माफी मागायची राहिली. उद्या दसरा, मुहूर्तही बघायला नको. उद्या नक्की.